प्रीतिसंगम, कराड : बाग आटोपशीर, नदी भरभरून

कराडच्या प्रीतिसंगमाला बाग म्हणून गुण द्यायचे तर पाचपैकी तीन, आणि नदीकाठ म्हणून द्यायचे तर साडेचार. हा फरक निघण्याआधीच डोक्यात असला तर तिथून कुणी नाराज होऊन परतणार नाही. हिरवळ, फुलझाडं, बाकडी, मुलांची खेळणी हे कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतं. दोन मोठ्या नद्या समोरासमोर येऊन भिडतात आणि एकत्र होऊन काटकोनात वळतात, हे घाटाच्या पायरीवर बसून निवांत बघायला मिळणं मात्र फार दुर्मीळ. त्यासाठी वाट वाकडी करून जावं, अशी ही जागा आहे. फक्त कधी जायचं, कुठे बसायचं आणि पाण्याच्या किती जवळ जायचं हे कळलं पाहिजे.

कृष्णा आणि कोयना, दोघींचं माहेर महाबळेश्वर. जुन्या महाबळेश्वरातल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्यांची मुळं मानली जातात. सावित्री कोकणात उतरून जाते. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेत येऊन मिळते. कोयना मात्र सह्याद्रीच्या रांगांमधून सुमारे ६५ किलोमीटर जवळजवळ सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकपाशी पूर्वेला वळण घेते आणि पाटणवरून कराडला येते. एका घरातून निघालेल्या दोघी इतका फेरा घालून इथं भेटतात, म्हणून नाव प्रीतिसंगम. नाव गोड आहे आणि भूगोलाला धरूनही आहे.

एरवी उपनदी मोठ्या नदीला तिरकी येऊन मिळते. दोघींची दिशा थोडीफार सारखीच असते, त्यामुळे पाणी बाजूबाजूने वाहत हळूहळू मिसळतं. कराडला तसं होत नाही. बागेच्या बाजूने नदीकडे तोंड करून उभं राहिलं की समोरून, उत्तरेकडून, कृष्णा आपल्याकडे येते. डाव्या हाताला गावाच्या पश्चिम अंगाने कोयना येते आणि तिच्या समोर ठाकते. दोघींचं पाणी उजवीकडे, पूर्वेला निघून जातं आणि पुढे गावाला वळसा घालून दक्षिणेचा रस्ता धरतं. इंग्रजी टी अक्षराचा आकार म्हणतात तो हाच. कोयनेचं नाव इथंच संपतं, पुढची सगळी नदी कृष्णा.

समोरासमोरच्या या भेटीमुळे पाण्याचं जे होतं ते बघण्यासारखं असतं. दोन्ही प्रवाहांचा जोर एकमेकांवर खर्च होतो, म्हणून ऐन संगमाच्या जागी पाणी क्षणभर थबकल्यासारखं दिसतं. वेग मोडला की पाण्याने वाहून आणलेली वाळू आणि गाळ खाली बसतो. म्हणून पाणी उतरल्यावर या भागात वाळूचे, गोट्यांचे पट्टे उघडे पडतात आणि दर पुरानंतर त्यांची जागा थोडी बदलते. मागच्या वर्षी जिथं गुडघाभर पाणी होतं तिथं यंदा तेवढंच असेल याची कुणी हमी देऊ शकत नाही.

घाटावर बसून एवढं करून बघा. आजूबाजूला पडलेलं पिंपळाचं वाळकं पान उचला आणि काठाच्या पाण्यात सोडा. आधी ते जागच्या जागी गिरकी घेतं, कधी चक्क उलटं, वरच्या बाजूला सरकतं. मग पाण्याची एखादी ओढ त्याला पकडते आणि ते उजवीकडे असं झपकन निघून जातं की नजर पुरत नाही. वरून आरशासारख्या दिसणाऱ्या पाण्याच्या पोटात काय चाललंय ते त्या एका पानावरून समजतं. मुलांना दाखवायची गोष्ट ही आहे. घसरगुंडी त्यांना घराजवळही मिळते.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे रंगांची रेघ. कृष्णेला वरून वाई, सातारा, कोरेगावकडचं पाणी येतं. उरमोडी आणि तारळीही कराडच्या आधीच तिला मिळालेल्या असतात, आणि ही सगळी शेतीची, मातीची खोरी. कोयनेच्या वाटेत मोठं धरण आहे. बराचसा गाळ शिवसागर जलाशयातच बसतो, खाली येणारं पाणी त्यामानाने निवळ असतं. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि मधल्या उघडिपीत कृष्णेचं पाणी गढूळ आणि कोयनेचं त्याहून वेगळ्या छटेचं दिसतं. दोन्ही जिथं टेकतात तिथं सरळ रेघ नसते. कडेला दात असलेली, सतत हलणारी सीमा असते, आणि पुढे शंभर-दोनशे पावलांत ती विरते. पाटण भागात जोराचा पाऊस झाला की केरा, मोरणा या उपनद्या कोयनेत धरणाच्या खाली माती आणतात, तेव्हा दोघींचा रंग एकच होतो आणि रेघ दिसत नाही. हिवाळ्यात दोन्ही पाणी निवळ असतं, तेव्हा रेघेऐवजी प्रवाहाच्या सुरकुत्या दिसतात.

बसायला जागा कुठली धरायची? बागेतली बाकडी आरामाची आहेत, पण हिरवळीवरून संगमाचा कोन नीट दिसत नाही. घाटाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यातली पायरी धरावी. तिथून डावीकडची कोयना, समोरची कृष्णा आणि उजवीकडे जाणारी धार, तिन्ही एका नजरेत येतात. फार खाली उतरलं की पाणी जवळ येतं पण आकार हरवतो. फोटो काढणाऱ्यांनी तर आणखी वरच थांबावं. उंचीवरून टी दिसतो, पाण्याच्या पातळीवरून फक्त पाणी दिसतं.

पायऱ्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथं घोटाळा होतो तो बहुतेक पायऱ्यांवरच. घाटाचा दगड आपला काळा, बेसॉल्टचा. कोरडा असताना त्यावर पाय छान ठरतो. पण पाण्याच्या रेषेच्या वर-खाली दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळाचा पातळ थर असतो, आणि तो हिरवागार दिसेलच असं नाही. वाळत आलेलं शेवाळ काळपट दिसतं, दगडाच्या रंगात मिसळून जातं आणि पाय पडला की साबणासारखं सटकतं. पूर ओसरल्यावरचे पहिले काही आठवडे शेवाळाच्या जोडीला गाळ असतो. वरून वाळून पापुद्रे सुटलेला, खाली ओला. त्यावर चप्पल टाच धरत नाही. मागे पट्टा असलेली सँडल किंवा रबरी तळाचे बूट घालावेत, स्लीपर आणि गुळगुळीत तळाची चामडी चप्पल नको. पाय धुवायचे असतील तर पायरीवर बसून धुवावेत, उभ्याने वाकून नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना खालपर्यंत नेण्याचा अट्टहास करू नये. उतरणं एक वेळ जमतं, चढताना हाल होतात. बागेच्या कडेवरूनही त्यांना नदी पुरेशी दिसते.

पाण्यात उतरावं का? बाहेरगावच्या माणसाने उतरू नये, हे इतकं स्पष्ट आहे. कराडची पोरं उन्हाळ्यात पाठीला डबा बांधून याच नदीत पोहायला शिकतात हे खरं, पण त्यांच्यासोबत नदी ओळखणारी मोठी माणसं असतात आणि कुठल्या भागात त्या वर्षी डोह पडलाय हे त्यांना ठाऊक असतं. समोरासमोरच्या संगमात वरचं पाणी शांत आणि खालचं ओढणारं, अशी स्थिती नेहमीची. शिवाय जिथं धार वळते त्या बाहेरच्या काठाला पाणी तळ खरवडून खोल करतं, तर आतल्या बाजूला वाळू साठते. दोन पावलांत घोट्याचं पाणी छातीपर्यंत जातं ते यामुळे. कृष्णेच्या पात्रात मगरीही आहेत. खाली सांगलीच्या बाजूला, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात त्या जास्त, पण नदी एकच आहे आणि मगरीला तालुक्याची हद्द नसते. भल्या पहाटे आणि अंधार पडल्यावर अगदी पाण्याच्या कडेला बसू नये.

आता पाण्याच्या चढ-उताराविषयी. कराडात पाऊस नाही म्हणून नदी वाढणार नाही, असं समजणाऱ्यांची इथं फसगत होते. कोयना धरणाच्या पायथ्याशी लहान वीजगृह आहे. त्याची दोन्ही जनित्रं चालू केली की सुमारे २१०० क्युसेक पाणी नदीत येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, म्हणजे ही सेकंदाला जवळपास ५९ हजार लिटरची भर झाली. उन्हाळ्यात खाली सांगली जिल्ह्यातल्या सिंचनासाठी हे पाणी सोडतात, तेव्हा आभाळ कोरडं असूनही कोयनेची पातळी वाढते आणि सकाळी कोरडी असलेली पायरी ओली होते. २१०० क्युसेकने घाबरायचं काही कारण नाही. वाळूच्या पट्ट्यावर सतरंजी टाकून डबा खायला बसलेल्यांनी मात्र सामान आणि मुलं काठाच्या बाजूला ठेवावीत, परतीची वाट पाण्यातून जाईल अशा ठिकाणी बसू नये.

पावसाळ्यातलं गणित वेगळं. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (म्हणजे तेवढे अब्ज घनफूट पाणी), आणि सांडव्याला सहा वक्र दरवाजे. जुलै-ऑगस्टमध्ये दरवाजे उचलले की बातमी फुटांत येते, ‘सहा दरवाजे दीड फुटांनी उचलले’ अशी, आणि सोबत क्युसेकचा आकडा असतो. फुटांकडे दुर्लक्ष करून क्युसेकचा आकडा बघावा, आणि तो कालच्यापेक्षा वाढलाय की घटलाय ते पाहावं. त्याच वेळी कृष्णेच्या बाजूची धरणं, म्हणजे धोम, कण्हेर, उरमोडी आणि तारळी, यांतूनही पाणी सोडलेलं असलं तर संगमावर दोन्हीकडून लोंढा येतो. समोरासमोर आलेल्या दोन पुरांना पटकन निसटायला जागा नसते, पाणी तुंबतं आणि काठावर चढतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत बाग आणि तिथल्या यशवंतराव चव्हाणांच्या समाधीचा परिसर पाण्याने वेढला गेला तो असा. दरवाजे उघडल्याची बातमी असेल त्या दिवशी प्रीतिसंगमावर जाऊ नये. गेलंच तर पोलिसांनी दोर बांधलाय तिथं थांबावं. पूर बघायची ओढ प्रत्येकाला असते, ती वरच्या रस्त्यावरूनही भागते.

पूर ओसरल्यावर लगेच जाण्यातही अर्थ नाही. गाळ काढायला, हिरवळ पुन्हा धरायला, बाकडी-दिवे नीट करायला वेळ लागतो, आणि तोवर ओल्या गाळाचा उग्र वास असतो. दर मोठ्या पुरानंतर या बागेला जवळपास नव्याने उभं राहावं लागतं, हे लक्षात घेतलं तर तिच्या साधेपणाबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही. पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीवर नाजूक झाडं, महागडी खेळणी आणि विजेची कारंजी लावण्यापेक्षा दणकट बाकडी, मोठी झाडं आणि भरपूर मोकळी जागा हेच शहाणपणाचं. या बाबतीत बागेचे गुण आम्ही कमी केलेले नाहीत. गुण कमी केले ते सावलीसाठी. दुपारी बसण्याजोगी दाट सावली नदीच्या बाजूला पुरेशी नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार घाटाचा दगड इतका तापतो की त्यावर हात ठेववत नाही, आणि सूर्य मावळल्यावरही तासभर त्यातून धग येत राहते.

जायला उत्तम काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. पाणी भरपूर, पण शांत. हवा कोरडी, डोंगर स्वच्छ दिसतात. त्यातही दोन वेळा निवडाव्यात. पहिली, डिसेंबर-जानेवारीतली सकाळ. सूर्य सातच्या सुमारास वर येतो, पाण्यावर धुकं असतं आणि समोरून येणारी कृष्णा दिसतच नाही. तिचा आवाजही नसतो. मग आठच्या आत-बाहेर धुकं उचलायला लागतं, आधी पलीकडच्या काठाची झाडं, मग मधली वाळू, मग पाणी. पाखरांसाठीही हीच वेळ. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबून खाली सूर मारणारा काळा-पांढरा पक्षी म्हणजे कवड्या खंड्या. वाळूवर शेपटी खाली-वर करत पळणारा तो धोबी, हिवाळी पाहुणा. पाणकावळे दगडावर पंख पसरून वाळत बसलेले असतात, आणि पिवळी चोच, काळी टोपी असलेला नदी सुरय संगमावर घिरट्या घालतो. दुर्बीण असेल तर न्यावी, पात्र रुंद आहे.

दुसरी वेळ सूर्यास्ताची. नदीकडे तोंड करून बसल्यावर मावळतीची बाजू डाव्या हाताला येते, त्यामुळे उजेड कोयनेच्या बाजूने पाण्यावर सरकत येतो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य जातो, म्हणून पाचला जागा धरलेली बरी. रविवारी आणि सणाच्या दिवशी पाचलाही पायऱ्या भरलेल्या असतात. ज्यांना निवांतपणा हवा त्यांनी मंगळवार-बुधवारसारखा मधला वार बघावा. नोव्हेंबरपर्यंत संध्याकाळी डास चांगलेच असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

सकाळी घाटावर गेलं तर एक भान ठेवावं. हा संगम आहे, त्यामुळे दहाव्याचे, अस्थिविसर्जनाचे विधी इथं होतात. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत माणसं बसलेली असतात. त्यांच्या दिशेने कॅमेरा धरू नये, मोठ्याने गाणी लावू नयेत, आणि शेजारच्या पायऱ्या मोकळ्या ठेवून बसावं. निर्माल्य, फोटोंच्या फ्रेमा, जुने कपडे नदीत सोडू नयेत. राख विरघळते, फ्रेमची काच त्याच वाळूत राहते आणि उन्हाळ्यात पोहायला आलेल्या पोराच्या पायात जाते.

बागेचं दुसरं मोठं महत्त्व म्हणजे यशवंतराव चव्हाणांची समाधी. जन्म १२ मार्च १९१३, देवराष्ट्रे गावी. शाळा कराडात. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा पहिले मुख्यमंत्री, पुढे केंद्रात संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती आणि उपपंतप्रधानपद. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत निधन झालं आणि अंत्यसंस्कार कृष्णा-कोयनेच्या काठावर झाले. समाधीपाशी चप्पल काढून जावं, आवाज कमी ठेवावा. शाळेच्या सहली येतात तेव्हा मुलांना रांगेत नमस्कार करायला लावून पाच मिनिटांत पुढे हाकतात. त्याऐवजी त्यांना इथं बसवून समोरच्या दोन नद्या दाखवाव्यात आणि या पाण्यावर खाली कुठे कुठे शेती उभी आहे ते सांगावं. त्या माणसाची समाधी नदीकाठीच का शोभते ते मुलांना आपोआप समजेल. त्यांचं कराडातलं घर, ‘विरंगुळा’, संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. वेळ असेल तर आधी ते घर आणि मग समाधी, हा क्रम चांगला. २५ नोव्हेंबरला राज्यभरातून नेते आणि कार्यकर्ते येतात, बंदोबस्त असतो. अभिवादनाला यायचं असेल तर त्या दिवशी यावं, नदी बघायला यायचं असेल तर तो दिवस टाळावा. अनंत चतुर्दशीलाही हेच.

येण्याची सोय चांगली आहे. पुणे-बंगळूर महामार्ग गावाला लागूनच जातो. साताऱ्याहून साधारण ५० किलोमीटर, कोल्हापूरहून ७० ते ७५, पुण्याहून १६० च्या आसपास. साताऱ्याकडून येताना वारुंजीजवळ कोयना ओलांडली की कराड आलं. महामार्गावरून कोल्हापूर नाक्यापाशी गावात शिरायचं. थेट येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या कधी महामार्गावरच उतरवतात, तेव्हा बसमध्ये चढतानाच स्टँडवर जाणार का ते विचारून घ्यावं. एसटी स्टँडवरून रिक्षाने संगम जवळ आहे. रिक्षावाल्याला ‘प्रीतिसंगम’ किंवा ‘कृष्णा घाट’ एवढं सांगितलं की पुरतं. रेल्वेने येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की कराड स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे, पुणे-मिरज मार्गावर. तिथून गावात यायला कृष्णा ओलांडून चार-पाच किलोमीटर यावं लागतं. रात्रीच्या गाडीने उतरणार असाल तर वाहन आधी ठरवलेलं बरं.

मोठी गाडी थेट घाटापर्यंत न्यायचा हट्ट करू नका. जुन्या पेठांतले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला तर मागे यायची पाळी आपल्यावरच येते. थोडी अलीकडे गाडी लावून चालत जाणं सोयीचं, शिवाय गावही दिसतं. वाटेत आदिलशाही काळातल्या मशिदीचे दोन उंच मनोरे नजरेत भरतात. शंभर फुटांहून उंच असलेले हे मनोरे कराडची जुनी खूण आहेत. कोयनेच्या बाजूच्या उंच काठावर पंतांचा कोट, आणि कोटात नकट्या रावळाची विहीर. पायऱ्या-पायऱ्यांनी खोल उतरत जाणारी ही विहीर बघितल्याशिवाय संगमाची फेरी पुरी होत नाही. दोन नद्यांच्या कुशीत वसलेल्या कोटालाही आत खोल विहीर लागतेच, कारण वेढा पडला की नदी शत्रूच्या हातात जाते. विहिरीला मात्र मुलांचा हात धरून जावं. खाली उजेड कमी आणि पायऱ्या ओलसर.

खाण्याचं सांगायचं तर संध्याकाळी बागेच्या बाहेर गाड्या लागतात. भेळ, पाणीपुरी, पावसाळ्यात भाजलेली कणसं. पोटभर जेवणाची जागा ही नव्हे, त्यासाठी गावात किंवा महामार्गावर जावं. भेळ गाड्यावरच उभं राहून खावी. कागद घेऊन घाटावर बसलं की वारा तो कागद हातातून नेतो आणि तो थेट पाण्यात जातो. कराडने स्वच्छ सर्वेक्षण २०२० मध्ये १ लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिला क्रमांक मिळवला होता. गावाने कमावलेलं नाव पाहुण्याच्या कागदाने जाऊ नये. पिण्याचं पाणी सोबत न्यावं, नदीचं पाणी तीर्थ म्हणूनही पिऊ नये. दोन्ही नद्यांच्या काठी वरपर्यंत गावं आणि शेतं आहेत, आणि डोळ्याला निवळ दिसणारं पाणी पिण्याजोगं असतंच असं नाही.

कृष्णाकाठचे बाकीचे संगम ज्यांनी पाहिलेत ते विचारतील, यात वेगळं काय? माहुलीला देवळं जास्त सुंदर आहेत, दगडी काम बघायचं तर तिकडे जावं. सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते, तिथं संगमेश्वर आहे, शांतता आहे आणि जवळ हळदीच्या पेवांचा इतिहास आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, पण तिथला जीव दत्तात आहे, नदी बघायला फार थोडे थांबतात. नदीचं वागणं बघायचं असेल तर कराड. पाण्यासमोर बसायला एवढी मोकळी जागा आणि भेटीचा इतका उघडा कोन बाकी तिन्ही ठिकाणी नाही.

किती वेळ काढून यावं? बाग आणि घाट मिळून दीड तास पुरतो. कोट, विहीर आणि ‘विरंगुळा’ जोडलं तर अर्धा दिवस. पूर्ण दिवस असेल तर सकाळी आगाशिवच्या डोंगरावरची बौद्ध लेणी करावीत. जखिणवाडीच्या बाजूने चढ आहे, लेणी साधी आणि जुनी, नक्षीकाम फारसं नाही. ऊन चढायच्या आत खाली यावं, दुपारी जेवून आराम करावा आणि चारनंतर संगमावर. सकाळी डोंगरावरून नद्यांचं आणि गावाचं खोरं पाहिलेलं असलं की संध्याकाळी पायरीवर बसल्यावर कुठलं पाणी कुठून आलं ते नकाशाविना समजतं. सहल फक्त बागेसाठी ठरवली असेल आणि लहान मुलांना खेळणीच हवी असतील तर मात्र एवढ्या लांब येऊ नये. पुणे-कोल्हापूर प्रवासात मधला थांबा म्हणून धरलं तर सोयीचं पडतं. हॉटेलात चहाला जो तास जातो तो इथं घालवावा.

जाण्यापूर्वी तीन गोष्टी बघून घ्या : कोयनेतून आज किती क्युसेक सुटतंय, सूर्यास्त किती वाजता आहे, आणि पायात काय घातलंय. टॉर्च बरोबर असू द्या. सूर्य गेल्यावर बागेतला उजेड खालच्या पायऱ्यांपर्यंत पोचत नाही, आणि सगळे उठतात ते नेमके त्याच वेळी.